बोटं फुटलेलं कणीस

पावसाळा सुरू झाला की बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटतात. लिंबू, तिखट, मीठ आणि निखाऱ्यावर तडतडणारे दाणे. भुट्टा इतका आपला झाला आहे की तो मुळात कुठला, हा प्रश्न मनात येत नाही. पण तिथून फार लांब नसलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराकडे बघा. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ दिला आहे. त्या दगडांवर छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटांनी भात खाल्ला असेल, नाचणी आणि वरी खाल्ली असेल. मका मात्र त्यांच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, आणि मका आपल्याकडे आला त्यानंतर, पोर्तुगिजांच्या काळात. कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत असा दावा अधूनमधून डोकं वर काढतो. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांना तो मान्य नाही.

मका मेक्सिकोचा. आणि त्याच मेक्सिकोत, एका गवताचं एवढं मोठं कणीस झालं तरी कसं, या कोड्यात आयुष्याची उमेदीची वर्षं घालवणारा एक माणूस आपल्या वर्ध्याचा होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव आलंच तर गदर पक्षाच्या धड्यात येतं. क्रांतिकारक म्हणून ते मोठे होतेच. पण हे विज्ञानाचं सदर आहे, आणि त्यांच्या आयुष्याचा जो भाग आपण सहसा दोन ओळींत उरकतो तोच इथे महत्त्वाचा आहे.

खानखोज्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातला, म्हणजे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भयंकर दुष्काळ पडले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. शिक्षण वर्धा आणि नागपुरात. टिळकांच्या राजकारणाने भारावलेली ती पिढी. विशीत त्यांनी घर सोडलं, जपानमार्गे अमेरिकेचा पश्चिम किनारा गाठला आणि दोन गोष्टी शिकायच्या ठरवल्या. एक लढाई, दुसरी शेती. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शाळेत प्रशिक्षण घेतलं. शेतीचं शिक्षण कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन अशा तीन राज्यांतल्या संस्थांत झालं. दिवसा मातीचं रसायनशास्त्र आणि उरलेल्या वेळात लाकूड कारखान्यांतल्या पंजाबी मजुरांची संघटना, असा काहीसा तो काळ.

१९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला त्यात ते पहिल्या फळीत होते. पुढची सात-आठ वर्षं एखाद्या कादंबरीत शोभतील अशी आहेत. इथे त्यांना पळतच ओलांडावं लागेल. पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानातून इराणात उतरले, वेगळं नाव आणि वेगळा वेश घेऊन इंग्रजी फौजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. गदरचेच विष्णू गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे, नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. खानखोजे वाचले, पण हिंदुस्थानचा रस्ता बंद झाला. बर्लिन, मॉस्को, पुन्हा बर्लिन. १९२४ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आसपास, ते मेक्सिकोला पोचले. हाती उरली होती ती शेतकीची पदवी.

मेक्सिकोही तेव्हा नुकताच दहा वर्षांच्या क्रांतीतून बाहेर पडला होता. जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटण्याचं काम चालू होतं. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो इथे अशाच एका जुन्या जमीनदारीच्या वाड्यात राष्ट्रीय कृषिविद्यालय हलवलं होतं. तिथल्या प्रार्थनागृहाच्या भिंतींवर दिएगो रिवेरा चित्रं रंगवत होते आणि त्याच आवारात खानखोजे पिकांची पैदास शिकवू लागले. मायदेशात ज्याला इंग्रज सरकार शोधत होतं, त्या माणसाला एका परक्या देशाने आपलं रोजचं अन्न सुधारायला दिलं.

ते अन्न म्हणजे मका. आता जरा थांबून या पिकाकडे नीट बघू, कारण मका हे वनस्पतिशास्त्रातलं एक मोठं गौडबंगाल होतं.

गव्हाचा किंवा भाताचा रानटी पूर्वज बघितला की नात्याची ओळख पटते. लोंबी तशीच दिसते, फक्त किरकोळ. मक्याचं तसं नाही. मक्यासारखी रानटी वनस्पती जगात कुठेच उगवत नाही. कणीस हा प्रकारच विचित्र आहे. शेकडो दाणे एका जाड बुरकुंडाला घट्ट चिकटलेले आणि वरून पानांची घट्ट पासोडी. ते कणीस तसंच जमिनीवर पडलं तर एका जागी शेकडो रोपं उगवतील आणि एकमेकांना मारतील. माणसाने दाणे सोडवून पेरले नाहीत तर मक्याचा वंश थोड्याच वर्षांत बुडेल. जे झाड स्वतःचं बी स्वतः पसरवू शकत नाही, ते माणूस येण्यापूर्वी जगलं कसं?

मेक्सिकोतल्या मक्याच्या शेतांत आणि बांधांवर टिओसिंटे नावाचं एक गवत उगवतं. झुडपासारखं, अनेक फांद्यांचं. त्याच्या तथाकथित कणसात एकावर एक असे पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. पिकलं की ते दाणे सुटून जमिनीवर सांडतात. बघताक्षणी कुणी याला मक्याचा भाऊ म्हणणार नाही. पण दोघांचा संकर होतो आणि त्याची संततीही फळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या संशोधकांना हेच छळत होतं. दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आणि रक्ताचं नातं इतकं जवळचं!

खानखोजे या कोड्याच्या मायभूमीत होते. अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकाला जे वाण टपालाने मागवावे लागत, ते त्यांच्यासमोर बाजारात ढिगाने पडलेले असत: पांढरा, पिवळा, निळा, तांबडा, जवळजवळ काळा, डोंगरातला थंडी सोसणारा, कोरडवाहू पट्ट्यातला पाणी न मागणारा. दरीगणिक वाण बदलत होता. उत्क्रांती पुस्तकात वाचायची गोष्ट न राहता बाजारात पाटीत मांडून ठेवलेली दिसावी, असा तो देश. त्यांनी मका, गहू आणि कडधान्यांवर काम केलं. कडाक्याची थंडी आणि अवर्षण सोसतील असे वाण निवडून काढण्यावर भर दिला.

त्यातलंच एक प्रकरण विलक्षण आहे. मक्याचं एक असं कणीस, ज्याला एकाच देठावर हाताच्या बोटांसारखी अनेक कणसं फुटतात. खानखोज्यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं झिया मेझ डिजिटाटा, म्हणजे बोटांचा मका, आणि व्यवहारात त्याला म्हटलं माईझ ग्रानादा. स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब आणि हातबॉम्बलाही तोच शब्द आहे. बॉम्बच्या सूत्रांसाठी कधीकाळी जग पालथं घालणाऱ्या पिढीतल्या माणसाच्या मक्याला हे नाव शोभून दिसतं. चापिंगोच्या १९३०च्या संशोधन पुस्तिकेत त्यांनी मक्याच्या नव्या वाणांची माहिती छापली. तिच्यासाठी छायाचित्रं काढली तिना मोदोत्ती यांनी. आज ही इटालियन छायाचित्रकार विसाव्या शतकातल्या मोठ्या कलावंतांत मोजली जाते. कणसांच्या या चित्रांपुढे संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या किती जणांना ती कणसं एका मराठी माणसाच्या प्रयोगशाळेतली आहेत हे ठाऊक असेल? पुढे ग्रानादा मक्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकातच तीन शब्द आहेत: उगम, उत्क्रांती आणि लागवड. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते या तीन शब्दांवरून कळतं. त्यांना केवळ जास्त दाणे नको होते. हे झाड असं का झालं, हेही हवं होतं.

फांद्या फुटलेलं कणीस ही विकृती म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. मक्याच्या तुऱ्याला फांद्या असतात, कणसाला नसतात. खरं तर दोन्ही फुलोरेच, एक नराचा आणि एक मादीचा. कणसाला फांद्या फुटू नयेत म्हणून झाडात काही जनुकं सतत पहारा देत असतात. पहारा ढिला पडला की कणसाला बोटं फुटतात. या पहारेकरी जनुकांपैकी काहींची रेणूच्या पातळीवरची ओळख २००५-०६ च्या सुमारास पटली. खानखोज्यांच्या काळात जनुक कशाचं बनलेलं असतं हेसुद्धा माहीत नव्हतं. डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना उलगडायला १९५३ साल उजाडायचं होतं. त्यांच्याकडे होती दोन डोळ्यांची नजर, परागकण आवरायला कागदी पिशव्या आणि हंगामामागून हंगाम. निवडायचं, पेरायचं, पुन्हा निवडायचं. फांद्यांचं कणीस पुढे जगाच्या शेतांत रुजलं नाही. आजचा मका एका सरळ, जाड कणसाचाच आहे. पण निसर्गातली अपवादात्मक गोष्ट फेकून न देता तिचा वंश चालवून बघणं हीच आनुवंशशास्त्राची रीत, आणि ते त्यांनी मन लावून केलं.

खानखोज्यांना वाण तयार करून पुरत नव्हतं. जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला बी निवडता येत नसेल तर तो पुन्हा सावकाराच्या आणि दलालाच्या दारात जाणार, हे वर्ध्याच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. १९२८ च्या सुमारास त्यांनी गावोगावी मुक्त कृषिशाळा काढायला सुरुवात केली. फी नाही, परीक्षेचा बडेजाव नाही. शेतकरी यायचे, बी कसं निवडायचं, माती कशी राखायची ते शिकायचे आणि आपल्या वावरात करून बघायचे. एका शाळेला एमिलियानो झपाटा यांचं नाव होतं. जमिनीसाठी लढून मारला गेलेला हा नेता मेक्सिकोच्या शेतकऱ्यांना आपल्याकडच्या उमाजी नाईकांसारखा. रिवेरांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र रंगवलं आहे. एका टेबलाभोवती निरनिराळ्या वंशांचे लोक जमले आहेत, मध्ये बसलेला माणूस सगळ्यांना भाकरी वाटतो आहे. तो माणूस खानखोजेच, असं मानलं जातं.

भाकरीचा विषय निघालाच आहे तर आरोग्याच्या सदरात एक गोष्ट सांगायला हवी. मेक्सिकोतल्या बायका मका नुसता दळत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुतात आणि मग वाटून त्याची टॉर्टिया करतात. युरोपने मका नेला, ही कृती मात्र नेली नाही. परिणाम असा झाला की जिथे गरीब माणूस जवळजवळ फक्त मक्यावर जगत होता तिथे, म्हणजे इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातलं. अंगावर चट्टे, जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू. कारण मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की ते शरीराला मिळतच नाही. चुना ती गाठ सोडवतो. मेक्सिकोत हजारो वर्षं लोक मक्यावर जगले आणि त्यांना पेलाग्राने फारसं गाठलं नाही ते या चुन्यामुळे. अर्थात घरात डाळ, दूध, भाज्या असतील तर मक्याची भाकरी किंवा भुट्टा खायला काहीच हरकत नाही. प्रश्न फक्त मक्यावर दिवस काढण्याचा आहे.

आता पुन्हा त्या कोड्याकडे. खानखोजे मेक्सिकोत असताना अमेरिकेत त्यावरून जोरदार भांडण पेटलं होतं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉल मँगल्सडॉर्फ यांच्या गटाने मांडलं की मक्याचा खरा रानटी पूर्वज नष्ट झाला आहे आणि टिओसिंटे हे मक्याचा दुसऱ्या एका गवताशी संकर होऊन जन्मलेलं अपत्य आहे. म्हणजे बाप समजून ज्याच्याकडे बघत होतो तो मुलगा निघाला! तरुण जॉर्ज बीडल यांना हे पटेना. टिओसिंटे हाच पूर्वज, असं ते १९३९ मध्ये म्हणाले आणि मग दुसऱ्या कामाकडे वळले. ब्रेडवर येणाऱ्या एका बुरशीवर त्यांनी जनुकं विकरं कशी घडवतात ते शोधलं आणि १९५८ मध्ये नोबेल मिळवलं. निवृत्तीनंतर हे गृहस्थ पुन्हा मक्याच्या शेतात उतरले. मका आणि टिओसिंटे यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतली सुमारे ५० हजार झाडं त्यांनी मेक्सिकोत वाढवली आणि मोजली. साधारण पाचशेत एक झाड अस्सल मक्यासारखं आणि तेवढंच प्रमाण अस्सल टिओसिंटेसारख्या झाडांचं निघालं. याचा हिशेब सरळ आहे: गवत आणि कणीस यांच्यातला मुख्य फरक चार-पाच मोठ्या जनुकांचा.

१९९० च्या दशकात जॉन डोबली आणि सहकाऱ्यांनी त्यातली काही जनुकं हातात पकडली. एक जनुक झाडाच्या बाजूच्या फांद्या दाबून टाकतं. मक्यात ते जास्त जोराने काम करतं, म्हणून झुडपाचं एकखोडी झाड झालं. हा जोर आला कशाने? जनुकापासून बऱ्याच अंतरावर येऊन बसलेल्या एका उडत्या डीएनए तुकड्याने. अशा उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा शोध बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी लावला होता तोही मक्यातच. दुसऱ्या एका जनुकातल्या बारीकशा बदलाने दाण्याचं दगडी कवच गेलं आणि दाणा उघडा पडला. २००२ मध्ये निरनिराळ्या वाणांच्या डीएनएवरून दिसलं की मका एकदाच माणसाळला, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, नैर्ऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात. त्याच खोऱ्यातल्या एका कपारीत जात्याच्या दगडांवर ८,७०० वर्षांपूर्वीच्या मक्याच्या पिठाचे अंश मिळाले.

संपूर्ण जनुकसंच वाचायला मात्र वेळ लागला. उल्हासनगरच्या बेकऱ्यांत पावाचं पीठ फुगवणारं यीस्ट घ्या. त्याचा जनुकसंच १९९६ मध्येच वाचून झाला होता. सव्वा कोटीच्या आसपास अक्षरं, सहा हजारांच्या आसपास जनुकं, आटोपशीर संसार. मक्याचा वाचून झाला २००९ मध्ये: दोनशे तीस कोटी अक्षरं, ३२ हजारांहून जास्त जनुकं, आणि एकूण मजकुरातला सुमारे ८५ टक्के भाग त्याच उडत्या तुकड्यांनी भरलेला. अडगळीच्या माळ्यावर कुठेतरी दागिन्यांची पेटी ठेवावी तसा प्रकार. यीस्ट आणि मका यांच्यात एक साम्यही आहे. दोघांच्याही पूर्वजांत फार प्राचीन काळी सगळा जनुकसंच दुप्पट झाला होता. एक प्रत नेहमीचं काम करते, दुसरी मोकळी राहते आणि उत्क्रांतीला प्रयोगासाठी सापडते.

यातलं फारसं काही खानखोज्यांना बघायला मिळालं नाही. १९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर ते परतायला निघाले, तर इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरातही तसंच होतं, आणि त्यांना सुरुवातीला प्रवेश नाकारला गेला. ज्या राज्याविरुद्ध लढले ते गेलं, यादी मात्र शाबूत राहिली. पुढे ती चूक सुधारली गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यात ते कुटुंबासह नागपुरात येऊन राहिले. पन्नाशीच्या जवळपासची वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला ओळखणारे फार कुणी उरले नव्हते. मेक्सिकोत ज्यांचा शब्द शेतकरी झेलत, त्यांच्या अनुभवाचा आपल्या शेतीखात्यांनी म्हणावा तसा उपयोग करून घेतला नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं.

याच काळात मेक्सिकोतून भारतात बियाणं आलं. १९६६ मध्ये १८ हजार टन मेक्सिकन गहू. त्यावरून खानखोज्यांना हरितक्रांतीचं जनकत्व देण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा. नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाची वंशावळ वेगळी आहे. त्याचा बुटकेपणा नोरिन-१० या जपानी वाणातून आलेला, आणि बोरलॉग मेक्सिकोत पोचले ते १९४४ मध्ये. खानखोज्यांचं काम त्याआधीचं आणि वेगळ्या धर्तीचं होतं. बोरलॉग यांच्या वाणांना खत आणि पाणी भरपूर लागायचं. खानखोजे शोधत होते ते पाण्याविना आणि थंडीत तग धरणारे वाण. उसन्या श्रेयाची त्यांना गरज नाही.

२२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं. वीणा गवाणकर यांनी त्यांचं चरित्र मराठीत लिहिलं, मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत. त्यामुळे हे आयुष्य निदान कागदावर उरलं. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला तो सप्टेंबर २०२२ मध्ये.

त्यानंतरच्या वर्षी, २०२३ मध्ये, जगभरच्या मक्यांचे जनुकसंच ताडून बघणाऱ्या संशोधकांनी कोड्याला आणखी एक पदर जोडला. बाल्सास खोऱ्यात माणसाळलेला मका डोंगराळ भागात चढला तेव्हा तिथल्या दुसऱ्या एका रानटी टिओसिंटेशी त्याचा संकर झाला, आणि आजच्या मक्याच्या जनुकसंचाचा साधारण पाचवा हिस्सा त्या डोंगरी गवताकडून आलेला आहे. हे गवत मेक्सिकोच्या मधल्या पठारावर अजून आहे. चापिंगोच्या आसपासच्या शेतांतही ते मक्याच्या ओळींमध्ये उगवतं, कोवळेपणी हुबेहूब मक्यासारखं दिसतं, आणि शेतकरी ते तण म्हणून उपटून बांधावर टाकतात.